शाळेतल्या अहिराणी बोलणाऱ्या मुलांच्या मनःस्वास्थ्याचा सर्व्हे प्रमाण मराठीत चालेल का?

जशीच्या तशी प्रश्नावली देऊ नका. साक्रीकडच्या सातवीतल्या पोराला ‘तुला उत्साही वाटले का?’ विचारलं की तो ‘हो सर’ म्हणून मोकळा होतो. परीक्षाच वाटते त्याला ती! तोच पोरगा वर्गाबाहेर आपणहून सांगतो, ‘माले करमत नई’. तुम्हाला हवं ते उत्तर हेच.

जागतिक आरोग्य संघटनेची ५ प्रश्नांची छोटी प्रश्नावली घ्या. प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरीज २५ पर्यंत, ४ ने गुणलं की १०० पैकी आकडा. अहिराणी भाषांतर गावातल्याच माणसाकडून करून घ्या आणि दुसऱ्याकडून, मूळ न दाखवता, उलट भाषांतर, म्हणजे अहिराणीतून परत मूळ भाषेत. घोळ इथेच सापडतात. ‘गेल्या दोन आठवड्यांत’ला मुलं अडखळली तर ‘मागच्या दोन बाजारांपासून’ म्हणून पाहा. बाजाराचा वार सगळ्यांना पाठ असतो. ‘अर्ध्याहून जास्त वेळ’ हा पर्याय मात्र तोंडी समजावूनच सांगावा लागेल.

पालकांची संमती आधी घ्या. नंदुरबारला, धडगाव-अक्कलकुव्याकडे जाणार असाल तर अहिराणीही पुरणार नाही. तिथे पावरी, भिली लागेल.