अक्राहून केप कोस्ट

प्रश्न : कामानिमित्त घानाची राजधानी अक्रा येथे जात असून तीन दिवस मोकळे मिळतील. शहराबाहेर काय पाहावे?

उत्तर : एक दिवस अक्राला द्यावा, कारण माकोला बाजारातील गर्दी आणि जेम्सटाउनचा दीपस्तंभ चुकवण्यासारखे नाहीत. उरलेले दोन दिवस मात्र पश्चिमेकडील किनाऱ्यासाठी राखून ठेवावेत. सुमारे दीडशे किलोमीटरवरील केप कोस्टच्या किल्ल्यात, जिथे गुलाम म्हणून विकली जाणारी माणसे कोंडून ठेवली जात, त्या तळघरांत उतरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत कोणी फारसे बोलत नाही. समुद्राकडे उघडणाऱ्या दाराला ‘न परतीचे दार’ म्हणतात. पोर्तुगिजांनी 1482 मध्ये उभारलेला एल्मिनाचा किल्ला तेथून जवळच आहे.

‘ट्रोट्रो’ ही स्थानिक व्हॅन स्वस्त असली, तरी ती भरल्याशिवाय हलत नाही; म्हणून घाई असल्यास टॅक्सी करावी आणि भाडे आधीच सेडी या घानाच्या चलनात ठरवावे. पैसे उजव्या हातानेच द्यावेत. डावा हात पुढे करणे तेथेही असभ्य समजले जाते. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी, कारण तिचे प्रमाणपत्र प्रवेशासाठी सक्तीचे आहे. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबाबत डॉक्टरांना विचारावे.