घरी गाडी पॉलिश करायला स्वस्तातलं कोणतं मशीन घ्यावं?

पहिल्यांदाच घेत असाल तर ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए पॉलिशरच घ्या. स्वस्त दिसतो म्हणून रोटरी उचलू नका. तो एकाच अक्षावर फिरतो, उष्णता एका जागी साठते आणि कडांवरचा क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, बघता बघता उडतो. डीएचं पॅड फिरता फिरता डोलतंही, त्यामुळे नवख्या हाताला ते सांभाळून घेतं. अँगल ग्राइंडरला पॅड लावायचा विचार तर सोडूनच द्या. साध्या ग्राइंडरचा वेग मिनिटाला 10,000 फेऱ्यांच्या आसपास असतो!

थ्रो, म्हणजे पॅड किती डोलतं ते माप, 8 किंवा 15 मिमी बघा. 21 मिमीचं मशीन बॉनेट-छतावर झपाट्यानं चालतं, पण बंपरच्या वळणांवर अडतं. बॅकिंग प्लेट, म्हणजे पॅड जिच्यावर चिकटतं ती चकती, 5 इंची घ्या. वेग कमी-जास्त करायची सोय हवीच. वॅटच्या आकड्यांना फार भुलू नका. वजन आणि पकड हातात धरून बघा.

मशीनमध्ये वाचलेले पैसे फोम पॅडवर घाला, निदान चार-पाच तरी. एकाच पॅडवर अख्खी गाडी काढली की ते तापतं, कंपाउंडनं (पॉलिशच्या पेस्टनं) भरतं आणि मग भारीतल्या मशीननंही गाडीवरचे ओरखडे जात नाहीत.