पेपरचं पान छपाईला सोडण्याआधी घडी घालून बघ

लीड, म्हणजे पानावरची मुख्य बातमी, छान लावलीस. आता प्रिंट काढ आणि मधोमध घडी घाल. स्टॉलवर पेपर तसाच पडलेला असतो, गिऱ्हाईकाला वरचा अर्धाच दिसतो. फोटोतला चेहरा घडीवर आला तर बातमीचा जीवच जातो.

शेजारची बातमीही बघ. एकदा माझ्या पानावर अपघाताच्या बातमीला चिकटून सत्काराचा हसरा फोटो गेला. मध्ये रेघ नव्हती, फोटोओळही नव्हती. वाचकांना वाटलं, गेला तो हाच. सकाळी फोटोतल्या माणसाच्या घरून फोन आला, तो आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून फोटो आणि त्याची बातमी मी एकाच चौकटीत बांधतो.

पानाच्या पूर्ण रुंदीचा आठ कॉलमी मथळा रोज वापरू नकोस. आणि फोटोतला माणूस पानाच्या आत बघतोय ना, तेवढं तपासून पान सोड.