मुंबईतल्या तीन-चार कॉलेजांतल्या शिक्षकांनी मिळून पदवीच्या बायोइन्फर्मेटिक्ससाठी (संगणकावर जनुकं-प्रथिनांचा अभ्यास) मोफत साहित्य तयार करायचं, तर सुरुवात कुठून करावी?

एका प्रात्यक्षिकापासून. आख्खं पाठ्यपुस्तक लिहायला बसू नका; सेमिस्टर परीक्षा, पेपर तपासणी यांत ते अर्ध्यावरच राहतं.

त्यासाठी मी बॉम्बे रक्तगट हा दुर्मिळ रक्तगट निवडेन. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो इथेच, मुंबईत नोंदवला. हा रक्तगट असलेल्यांच्या तांबड्या पेशींवर एच प्रतिजन (ए आणि बी प्रतिजनं ज्यापासून बनतात तो रेणू) नसतं, कारण ते घडवणारं एफयूटी१ जनुक निकामी असतं. भारतात आढळणाऱ्या प्रकारात या जनुकाच्या प्रथिन ठरवणाऱ्या क्रमात ७२५व्या जागी टी या डीएनए-अक्षराऐवजी जी येतो आणि प्रथिनातलं २४२वं अमिनो आम्ल ल्युसीनऐवजी आर्जिनीन होतं. मुलांनी जेनबँक या डीएनए-क्रमांच्या मोफत संग्रहातून मूळ क्रम डाउनलोड करावा, तो एक बदल हाताने करावा, डीएनएचं प्रथिनाच्या क्रमात भाषांतर करून फरक स्वतः शोधावा. ७२५ला ३ने भागून २४२वा कोडॉन (एक अमिनो आम्ल ठरवणारी तीन अक्षरं) कसा निघतो, हे कळलं की मुलांचे चेहरे खुलतात! मग युनिप्रॉट हा प्रथिनांचा संग्रह, मग मिळतेजुळते क्रम शोधणारं ब्लास्ट. सगळं मोफत, ब्राउझरमध्येच चालणारं, त्यामुळे लॅबमधले जुने पीसीही पुरतात.

एकाने लिहावं, दुसऱ्याने आपल्या वर्गात घेऊन पाहावं, मुलं जिथे अडकली ते तिसऱ्याने दुरुस्त करावं. शिक्षकासाठीची उत्तरं वेगळ्या फाइलीत ठेवा.

परवाना मात्र पहिल्याच दिवशी ठरवा. क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी बाय घेतलात, तर श्रेय देऊन कुणीही ते बदलू शकतं, मराठीतही आणू शकतं. पुस्तकांतल्या आकृत्या उचलू नका, स्वतः काढा. गॅलेक्सी ट्रेनिंग नेटवर्क या संकेतस्थळावरचे बायोइन्फर्मेटिक्सचे मोफत धडेही याच परवान्याखाली आहेत. ते आधी चाळा, बरंच काम वाचेल.