ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम गावाचा इतिहास काय आहे आणि तिथं नेमकं काय पाहावं?

तुम्ही विचारलंय की जुलैमध्ये आई-वडिलांना घेऊन पर्थहून ब्रूमला जायचंय. केबल बीच आणि उंटाची सफर सोडून तिथं पाहण्यासारखं काही आहे का, आणि या गावाला इतिहास असा काही आहे का. मी पर्थमध्येच राहतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं माझं सगळ्यात आवडतं गाव हेच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

विमानाची तिकिटं काढण्याआधी ब्रूमचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडा. मुंबईत उधाणाला पाणी साधारण साडेचार मीटर चढतं-उतरतं. ब्रूममध्ये ते त्याच्या दुपटीनं, दहा मीटरच्या आसपास जातं. पाणी उतरलं की रोबक बेमध्ये, म्हणजे गावालगतच्या उपसागरात, नजर पोचेल तिथपर्यंत नुसता चिखल दिसतो. या गावात जे काही घडलं ते बहुतेक याच पाण्याच्या हिशेबानं घडलं, आणि पाहण्यासारखं निम्मं तरी फक्त ओहोटीलाच दिसतं. म्हणून जमलं तर पौर्णिमा आणि तिच्यानंतरचे दोन-तीन दिवस धरून जा.

हा मुलूख यावुरू या आदिवासी लोकांचा. २००६ मध्ये न्यायालयानं त्यांचा या जमिनीवरचा पारंपरिक हक्क मान्य केला. गाव वसलं १८८३ मध्ये, आणि तेव्हाचे गव्हर्नर फ्रेडरिक ब्रूम यांचं नाव त्याला दिलं गेलं. वसण्याचं कारण एकच: इथल्या समुद्रात सापडणारा मोत्याचा भला मोठा शिंपला. मात्र त्या काळी खरी कमाई मोत्यांची नव्हती, शिंपल्याची होती. त्याच्या आतल्या चकाकत्या थराची बटणं बनायची आणि युरोप-अमेरिकेतल्या शर्टांना लागायची. मोती मिळाला तर वरकमाई.

हा शिंपला वर कोणी काढला, हे माझ्या मते ब्रूममध्ये सगळ्यात आधी समजून घ्यायला हवं. गाव वसण्याआधीपासून या किनाऱ्यावर आदिवासी स्त्री-पुरुषांना पकडून आणलं जायचं आणि कसल्याही साधनाशिवाय पाण्यात उतरवलं जायचं. गरोदर बाईचा दम जास्त टिकतो अशी समजूत होती, त्यामुळे त्यांनाही सोडलं नाही. १८७१ मध्ये बायकांना या कामाला लावण्यावर कायद्यानं बंदी आली, पण किनाऱ्यावरची धरपकड पुढेही बरीच वर्षं चालू राहिली. रोबक बेच्या काठावर या स्त्रियांचं स्मारक आहे: एक गरोदर बाई पाण्यातून वर येतेय आणि तिच्या हातात शिंपला आहे. लोक फोटो काढून पुढे जातात. तुम्ही तिथं दोन मिनिटं थांबा.

पुढे तांब्याचं हेल्मेट, कॅनव्हासचा पोशाख आणि शिशाचे तळ असलेले बूट आले, आणि त्यांच्याबरोबर जपानी पाणबुडे आले. बरेचसे वाकायामा भागातले, त्यातही ताइजी नावाच्या एका मच्छीमार गावातले. होड्यांवर मलय, फिलिपिनो आणि तिमोरमधल्या कुपांगचे खलाशी. गावात चिनी दुकानदार, शिंपी, खानावळवाले. गोऱ्यांखेरीज कोणाला देशात येऊ द्यायचं नाही असं ऑस्ट्रेलियाचं धोरण असताना मोत्यांच्या धंद्याला मात्र सवलत मिळाली, कारण आशियाई माणसांशिवाय तो चालतच नव्हता. १९१२ मध्ये मुद्दाम ब्रिटिश नौदलातले गोरे पाणबुडे आणून पाहिले. काही जण प्राणाला मुकले आणि तो बेत तिथंच संपला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रूम जगातलं सगळ्यात मोठं मोती-केंद्र होतं, चारशेच्या आसपास शिडाच्या होड्या इथून निघायच्या.

याची किंमत पाहायची असेल तर जपानी दफनभूमीत जा. ७०७ कबरी, आणि त्यांत ९१९ माणसं. कोणी चक्रीवादळात बुडालं, तर कोणी खोल पाण्यातून झपकन वर येताना रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन गेलं. किती वेळ थांबत थांबत वर यायचं याचं गणित तेव्हा पाणबुड्यांना कोणी दिलेलंच नव्हतं. लाल मातीत ओबडधोबड दगड उभे आहेत, पुष्कळसे किनाऱ्यावरूनच उचलून आणलेले, आणि त्यांवर उभ्या ओळींत जपानी अक्षरं कोरलेली. काही दगडांपुढे कोणीतरी नाणी ठेवलेली असतात, क्वचित एखादी छोटी बाटली. १९०८ च्या वादळात बुडालेल्यांसाठी एक वेगळा स्तंभ आहे. चिनी आणि मुस्लिम दफनभूमी शेजारीच आहेत, त्याही चुकवू नका. सकाळी लवकर जा, ऊन चढलं की आई-वडिलांना त्रास होईल.

आता ३ मार्च १९४२. जावा जपानच्या हाती पडत होतं आणि तिथून डच कुटुंबं उडत्या बोटींनी, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांनी, ब्रूममार्गे पळत होती. त्या सकाळी रोबक बेमध्ये अशी पंधरा विमानं उभी होती. गावात एवढ्या लोकांची सोय नव्हती, आणि अशा ओहोटीत किनाऱ्याला लागणंही सोपं नव्हतं, म्हणून कितीतरी बायका-मुलं विमानांतच बसून होती. साडेनवाच्या सुमारास तिमोरकडून जपानची झिरो नावाची लढाऊ विमानं आली. तासाभरात उडत्या बोटी आणि धावपट्टीवरची विमानं धरून बावीस विमानं संपली आणि किमान ८८ माणसं मेली. मरणाऱ्यांत लहान मुलं होती. ज्या जपानी लोकांच्या जिवावर हे गाव उभं राहिलं, त्यांना त्याआधीच पकडून छावण्यांत नेलं होतं.

त्या बोटींचे सांगाडे अजून तिथंच आहेत. पाणी अगदी तळाला गेलं की टाउन बीचवरून चिखलातून चालत काहींपर्यंत पोचता येतं. जाऊन-येऊन वेळ लागतो आणि पाणी परततं ते झपाट्यानं, म्हणून माहितगार माणसाबरोबरच जा. आई-वडिलांना चिखलातून नेऊ नका. त्यांच्यासाठी हॉवरक्राफ्टच्या फेऱ्या असतात. सांगाड्यांच्या इंजिनांवर शिंपले आणि शेवाळ चढलंय. कशालाही हात लावू नका, काही उचलू नका. कायद्यानं बंदी आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

त्याच टाउन बीचवर, मार्च ते ऑक्टोबरदरम्यान पौर्णिमेच्या आसपास, संध्याकाळी चंद्र उगवतो तेव्हा चिखलात साचलेल्या पाण्याच्या पट्ट्यांवर त्याचा उजेड पायऱ्यांसारखा दिसतो. ‘चंद्राचा जिना’ म्हणतात त्याला. गर्दी होते, पण आई-वडिलांना फार आवडेल.

चायनाटाउनमधलं सन पिक्चर्स हे १९१६ पासून चालू असलेलं उघड्यावरचं सिनेमागृह आहे. कापडी आरामखुर्च्या, निम्म्या भागावर पत्रा, पुढे आकाश. विमानतळ इतका जवळ की सिनेमा चालू असताना विमान पडद्याच्या वरून खाली उतरतं. १९७४ मध्ये बांध घालेपर्यंत उधाणाचं पाणी थेट प्रेक्षकांच्या पायांखाली यायचं. पण इथं कित्येक वर्षं रंगावरून बसवलं जायचं हेही लक्षात ठेवा: गोरे मधल्या चांगल्या जागी, जपानी आणि चिनी वेगळे, आदिवासी आणि मलय लोकांना तर दारही वेगळं. तिकीट काढून एखादा सिनेमा पाहाच, कुठलाही चालेल. जवळच स्ट्रीटर्स जेटी आहे, तिवरांत लपलेला लाकडी धक्का. भरतीला होड्या इथं लागायच्या आणि ओहोटीला चिखलात बसून राहायच्या.

केबल बीचचं नावही इतिहासातलंच. १८८९ मध्ये जावातल्या बान्युवांगीहून आलेली तारेची समुद्री केबल इथं किनाऱ्याला लागली. तारघराची इमारत आज कोर्ट आहे आणि तिच्या बागेत शनिवारी बाजार भरतो.

गॅन्थोम पॉइंटला तांबड्या खडकांखाली साधारण १३ कोटी वर्षांपूर्वीचे डायनोसॉरचे ठसे आहेत, तेही पाणी पुरतं उतरल्यावरच दिसतात. खडक निसरडे आहेत. वडीलधाऱ्यांसाठी वरच ठशांची प्रतिकृती ठेवली आहे.

१९५० नंतर प्लास्टिकची बटणं आली आणि शिंपल्याचा धंदा बसला. १९५६ मध्ये ब्रूमच्या उत्तरेला कुरी बे इथं मोत्यांची शेती सुरू झाली आणि गाव त्यावर पुन्हा उभं राहिलं. आजही पाणबुडे शक्यतो भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असलेल्या दिवसांत उतरतात, कारण तेव्हा ओढ कमी असते आणि पाणी नितळ असतं. मोत्याची शेती दाखवणाऱ्या सहली मिळतात. दुकानांतले मोती मात्र महाग आहेत, नुसते पाहिलेत तरी चालेल.

जुलै हा कोरडा हंगाम, हवा छान असते, पण खोल्या फार आधीच भरतात. राहण्याची सोय आजच बघा. तारखा सरकवता आल्या तर ऑगस्ट-सप्टेंबरकडे न्या. तेव्हा १९७० पासून चालत आलेला शिंजू मात्सुरी हा मोत्यांचा उत्सव असतो आणि जपानी, चिनी, मलय आणि आदिवासी घरांतली माणसं एकत्र रस्त्यावर दिसतात.