फेरारीची इलेक्ट्रिक गाडी आणि मुलीच्या फीचे 18 लाख

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसी जॉबवर्क (संगणक-नियंत्रित मशीनवर इतर कंपन्यांचे सुटे भाग बनवून देण्याचं काम) करणाऱ्या एका वाचकांचं पत्र आहे. त्यांची 18 लाखांची एफडी पुढच्या महिन्यात मॅच्युअर होते आहे. मुलगी अकरावीत आहे. दोन वर्षांनी इंजिनिअरिंगला गेली की यातले निदान 12 लाख लागतील. ते विचारतात, "फेरारी पहिली पूर्ण इलेक्ट्रिक गाडी आणते आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये शेअर एका दिवसात आपटला, म्हणजे स्वस्त झाला. दोन वर्षांसाठी सगळी रक्कम त्यात टाकू का?"

सगळी रक्कम मुळीच टाकू नका. लाखभर रुपये टाकायचे असतील तर माझी हरकत नाही.

तुम्ही गाडीबद्दल जे लिहिलंय ते मी दोनदा वाचलं. चार मोटर, 122 किलोवॅट-अवरची बॅटरी, मोटर फेरारीच्या मारानेल्लोच्या कारखान्यातच बनवलेल्या. मागच्या ॲक्सलमधली खरी कंपनं सेन्सरने टिपून त्यांचाच आवाज मोठा करायचा, ही कल्पना मशीनवर हात बसलेल्या माणसाला भुरळ घालणारच. गाडी उत्तमच असेल असं मीही धरून चालतो. पण तुम्ही गाडी घेत नाही आहात, शेअर घेत आहात, आणि शेअर का पडला हे पत्रात कुठेच आलेलं नाही.

9 ऑक्टोबर 2025 ला कंपनीने या गाडीचं तंत्रज्ञान दाखवलं आणि त्याच दिवशी 2030 पर्यंतचे आकडेही जाहीर केले. बाजाराने गाडीपेक्षा ते आकडे पाहिले. 2030 मध्ये विक्री सुमारे 9 अब्ज युरो होईल असं कंपनी म्हणाली. 2025 चा तिचाच अंदाज 7.1 अब्जांचा होता. हिशेब केलात तर वाढ वर्षाला जेमतेम 5 टक्के निघते. शिवाय 2022 मध्ये तिने 2030 पर्यंत 40 टक्के मॉडेल्स पूर्ण इलेक्ट्रिक असतील असं सांगितलं होतं, ते प्रमाण 20 टक्क्यांवर आणलं. शेअर सुमारे 15 टक्क्यांनी कोसळला. आता "स्वस्त" या शब्दाकडे या. 2024 मध्ये फेरारीची प्रतिशेअर कमाई 8.46 युरो होती आणि पडझडीनंतरही भाव तिच्या चाळीसपटीच्या वरच होता. सावकाश वाढण्याचं स्वतःच सांगणाऱ्या कंपनीसाठी एवढी किंमत मला तरी स्वस्त वाटत नाही. लाभांश म्हणाल तर भावाच्या एक टक्क्याच्या आसपास.

गाडी चांगली निघाली, तुफान खपली, तरी शेअरवाल्याचं काय होऊ शकतं, याचं उदाहरण स्टुटगार्टला आहे. पोर्शेची पहिली इलेक्ट्रिक गाडी टायकान 2019 मध्ये आली. 2021 मध्ये 41,296 टायकान विकल्या गेल्या, त्यांच्या सुप्रसिद्ध 911 पेक्षाही जास्त. या यशाच्या पाठोपाठ सप्टेंबर 2022 मध्ये पोर्शेचा आयपीओ आला, 82.50 युरोने. पुढच्या वर्षी भाव चांगला वर गेला. मग चीनमध्ये स्थानिक कंपन्यांनी तितक्याच वेगवान गाड्या बऱ्याच कमी किमतीत आणल्या, आणि वापरलेल्या टायकानचे भाव घसरले. 2024 मध्ये विक्री 20,836 वर आली, म्हणजे एका वर्षात जवळपास निम्मी. 2025 मध्ये पोर्शेने इलेक्ट्रिकची योजना मागे ढकलून पुन्हा पेट्रोलकडे मोर्चा वळवला. त्याचा खर्च आणि अमेरिकेचं आयातशुल्क मिळून पहिल्या नऊ महिन्यांचा ऑपरेटिंग नफा आदल्या वर्षीच्या सुमारे 403 कोटी युरोंवरून 4 कोटींवर आला. शेअर 50 युरोंच्या खाली गेला आणि कंपनी जर्मनीच्या डॅक्स निर्देशांकातून बाहेर पडली. आयपीओत पैसे टाकणाऱ्याने टायकानबद्दल केलेला अंदाज चुकला नव्हता. गाडी खरंच चांगली आहे. पैसे मात्र तीन वर्षांत निम्म्याकडे सरकले.

फेरारीचं तसंच होईल असं माझं म्हणणं नाही. 2024 मध्ये पोर्शेने तीन लाखांवर गाड्या विकल्या, फेरारीने 13,752. मागणीपेक्षा कमी गाड्या बनवायच्या आणि जुन्या गाडीचा भाव पडू द्यायचा नाही, यावर तो धंदा उभा आहे. मला धाकधूक तिथेच वाटते. पेट्रोलची फेरारी वीस वर्षांनी महाग होऊ शकते, पण बॅटरीची गाडी पाच वर्षांनी किती किमतीला जाईल याचा अनुभव या कंपनीच्याही गाठीशी नाही. त्यांनी बॅटरीचे मॉड्यूल सुटे काढून दुरुस्त करता येतील अशी रचना केली आहे, ती याच काळजीपोटी असणार. याचं उत्तर मिळायला दोन वर्षं पुरणार नाहीत, आणि मुलीची फी त्यासाठी थांबणार नाही.

कराचंही बघा. परदेशी शेअर घ्यायला पैसे एलआरएसखाली, म्हणजे परदेशी रक्कम पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, पाठवावे लागतात. वर्षात 10 लाखांच्या वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) आहे, म्हणजे 18 लाखांसाठी बँक वरचे 1.60 लाख आधी कापून घेईल. ते करात वळते होतात, पण तोवर अडकतात, आणि तुमच्या धंद्यात पेमेंट तीन-तीन महिने रखडतं. 24 महिन्यांच्या आत विकलं तर नफा तुमच्या स्लॅबने करपात्र, नंतर विकलं तर 12.5 टक्के. भारतीय शेअरवर मिळणारी 1.25 लाखांची सूट इथे नाही. प्रवेशाची तारीख 23व्या महिन्यात आली तर तुम्हाला थांबता येणार आहे का? शिवाय कंपनी कमावते युरोत, न्यूयॉर्कला तुम्ही घेणार डॉलरमध्ये, फी भरणार रुपयांत.

मी असं करेन. 12 लाखांच्या चार वेगवेगळ्या एफडी, प्रत्येक वर्षाच्या फीच्या महिनाभर आधी एक मॅच्युअर होईल अशा. 4 लाख वर्कशॉपसाठी हाताशी, लिक्विड फंडात किंवा स्वीप खात्यात. एखादा मोठा गिऱ्हाईक अडकला किंवा मशीनचा स्पिंडल गेला तर मुलीच्या पैशांना हात लावावा लागू नये. राहिलेल्या 2 लाखांतले लाखभर निफ्टी इंडेक्स फंडात आणि लाखभर फेरारीत, तेही किमान पाच-सात वर्षं विसरायची तयारी असेल तरच. एवढ्या रकमेवर टीसीएस लागत नाही. बँकेचं पाठवणी शुल्क आणि डॉलरच्या दरातला फरक मात्र आधी विचारून घ्या, छोट्या रकमेला तो बोचतो.

आणि शेअर घेतलात, अगदी एकच घेतलात, तरी सीएंना लगेच कळवा. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट, शेड्यूल एफए, भरावं लागतं. त्यात हिशेब कॅलेंडर वर्षाचा असतो, त्यामुळे जानेवारीतच ब्रोकरकडून डिसेंबरअखेरचं स्टेटमेंट मागवून ठेवा.