सी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकल्यास डी ड्राइव्हमधील फाइली सुरक्षित राहतात का?

लॅपटॉप मंद झाल्यामुळे सी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकणार आहात आणि डी ड्राइव्हमधील फाइलींना धक्का लागेल का, असे आपण विचारले आहे. फाइली जागेवर राहतात. पण त्या उघडतीलच असे नाही. हा फरक मला फार महागात पडला, म्हणून सविस्तर लिहितो.

संशोधनासाठी दोन वर्षे घेतलेल्या मुलाखतींची ध्वनिमुद्रणे माझ्या डी ड्राइव्हमध्ये होती. लॅपटॉप रखडू लागला तेव्हा माझ्या थोरल्या चुलत भावाने, ज्याचा शब्द संगणकाच्या बाबतीत आमच्या घरात अखेरचा मानला जातो, "फॉरमॅट मारून टाकू, डीला हातही लावत नाही" असे सांगून तासाभरात काम उरकले. त्याने शब्द पाळला. डी ड्राइव्ह होता तिथेच होता, फक्त त्याच्या चिन्हावर एक पिवळे कुलूप दिसत होते, आणि त्यावर क्लिक केले की 48 अंकी रिकव्हरी की मागितली जात होती. मी आयुष्यात कधीही कुठले एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात डेटा ठेवण्याची सोय, सुरू केले नव्हते.

हल्लीच्या अनेक लॅपटॉपवर पहिल्यांदा मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप सुरू होते आणि आतील सर्व ड्राइव्ह त्याखाली येतात. डी ड्राइव्ह रोज निमूटपणे उघडतो, कारण त्याची किल्ली सी ड्राइव्हवरील विंडोजने सांभाळलेली असते. सी पुसला की ती किल्लीही पुसली जाते आणि उरते ती खात्यात साठवलेली रिकव्हरी की. माझे ते खाते लॅपटॉप नवा असताना भावानेच घाईघाईने उघडून दिले होते. पुढे मी केवळ पिन टाकून आत जात असे, त्यामुळे पासवर्ड दोघांच्याही लक्षात नव्हता आणि खात्याला जोडलेला फोन क्रमांक बंद झाला होता. चार दिवस आम्ही आठवतील ते सारे पासवर्ड टाकून पाहिले. डेटा परत मिळवून देणाऱ्यांनी किल्लीशिवाय काही होणार नाही असे स्पष्ट सांगितले, आणि ते खरेच होते. ती ध्वनिमुद्रणे मला परत मिळाली नाहीत.

पासवर्ड लक्षात ठेवणे ही माझी जबाबदारी होती, असे भाऊ आजही म्हणतो. मला ते मान्य नाही. जो दुसऱ्याचे यंत्र पुसायला घेतो, त्याने ड्राइव्हला कुलूप आहे का हे आधी पाहिलेच पाहिजे. ते तपासायला दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत. शिवाय फॉरमॅटची गरजही नव्हती. महिन्याभरात लॅपटॉप पुन्हा रखडला, तेव्हा तो उघडून पाहिला, तर पंख्याच्या तोंडाशी धुळीचा नमद्यासारखा थर बसला होता आणि तापमान आवरण्यासाठी प्रोसेसर स्वतःच वेग कमी करत होता. धूळ काढून प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, नव्याने लावल्यापासून तो उत्तम चालतो. मंदपणावर सरसकट फॉरमॅट सुचवणाऱ्यांवर माझा तेव्हापासून विश्वास नाही.

म्हणून आपण आधी टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपैकी नेमके काय भरून वाहते आहे ते पाहावे, आणि पंखाही तपासावा. तरीही पुसायचेच ठरले, तर डी ड्राइव्हवर विसंबू नये. फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात, त्यांपैकी दोन-चार दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात आणि विंडोज टाकताना ती डिस्क काढून ठेवावी. रिकव्हरी की खात्यातून कागदावर उतरवावी. खात्यात एकाहून अधिक किल्ल्या असू शकतात, त्यामुळे ड्राइव्हने दाखवलेल्या की आयडीची (किल्लीच्या ओळखक्रमांकाची) पहिली 8 अक्षरे जुळवून घ्यावीत. सेटिंग्जमधून डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करता येते. मात्र सर्व ड्राइव्हवरून एन्क्रिप्शन पूर्ण उतरेपर्यंत थांबावे लागते.

प्रत्यक्ष विंडोज टाकणे त्यामानाने सोपे आहे. विंडोजचा इन्स्टॉलर ठेवायला किमान 8 जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. लॅपटॉपसोबत विंडोज आलेले असेल, तर परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, म्हणून तीच आवृत्ती निवडावी. इंटेलच्या अलीकडच्या लॅपटॉपवर इन्स्टॉलरला कधीकधी डिस्कच दिसत नाही. ती बिघडली असे समजू नये, निर्मात्याच्या संकेतस्थळावरून स्टोरेज ड्रायव्हर (डिस्क ओळखायला लागणारे सॉफ्टवेअर) घेऊन तो तिथे लोड करावा.

दोन अपवाद मात्र नोंदवले पाहिजेत. लॅपटॉपमध्ये व्हायरस मुरला असेल, तर सर्व पुसून नव्याने सुरुवात करण्याला माझा काहीच विरोध नाही. आणि लॅपटॉप विकायचा असेल, तर डी ड्राइव्हही पुसावा. तिथे हेच एन्क्रिप्शन आपल्या कामी येते, कारण किल्ली गेली की मागे राहिलेला डेटा पुढच्या मालकालाही वाचता येत नाही.